तिसरा रकाना

मंगळुराहून फॉर्म आला, पाठोपाठ फोन.
आवाज तरुण, हिंदी तोलूनमापून:
पंचेचाळीस दिवसांची उधारी मिळेल, बाई,
कच्च्या बियांची गाडी थेट वेंगुर्ल्याला येईल,
फक्त तीन नावं लिहा,
ज्यांचा माल आधी नेलात, पैसे मागाहून दिलेत.
नातेवाईक चालत नाहीत.

नातेवाईक चालत नाहीत म्हटल्यावर
निम्मं वेंगुर्लं तिथंच खोडलं गेलं.

बॉयलर निवत होता. बायका हात धूत होत्या
राखेनं, मग खोबरेलानं,
आणि चिकाचा काळा तसाच राहत होता.
माझीही बोटं तशीच.
फॉर्मवर पहिल्यांदा उमटलं ते बोट,
नाव नंतर.

पहिल्या रकान्यात याकूब बागवान, कुडाळ.
पत्र्याचे डबे, सहा वर्षं.
एकदा पाच डबे जास्त आले, मी परत पाठवले,
ते तो अजून लग्नाकार्यात सांगतो.
दुसऱ्यात बाबल धुरी, टेम्पो.
भाडं दर अमावास्येला.
आधी रापणीवर होता,
तारखेपेक्षा उधाण त्याच्या जास्त लक्षात राहतं.

तिसऱ्याशी पेन थांबलं.

नाडकर्ण्यांचं लिहावं?
ते माझी स्तुती करतील आरतीसारखी,
मोठ्यानं, टाळ्या वाजवत.
पण त्यांच्याशी सगळा रोखीचा व्यवहार.
रोखीत माणूस कळत नाही,
नोटा कळतात.

उधारी म्हणजे खरं तर अंतोन.
अंतोन फर्नांडिस, बारदान आणि सुतळी.
ज्या वर्षी वादळानं शेडवरचे पत्रे नेले
आणि वाळत घातलेली बी भिजून काळी पडली,
त्या वर्षी त्याचे अठरा हजार चारशे
माझ्याकडे अडकले.
किती दिवस, ते मी मोजलं नव्हतं.
म्हणजे मोजलं होतं,
विसरायचं ठरवलं होतं.

लिहिलं त्याचंच.
रात्री खोडावंसं वाटलं, पण तोवर
फॉर्म व्हॉट्सॲपवर मंगळुरात पोचला होता.

चौथ्या दिवशी अंतोनचा फोन.
"गो, माका मंगळुरातसून फोन इल्लो.
पैसे वेळेर देता काय, इचारी होतो."
मग?
"मग काय, वही काढलंय.
एकेचाळीस दिवस उशीर, म्हटलंय."

एकेचाळीस.
बाहेर कुणीतरी बी ओतत होतं पत्र्यावर,
तो आवाज बराच वेळ थांबेना.

"खोटा कित्याक सांगू?
उद्या माझी वही कोण मानतलो?
आणि ह्या पण सांगलंय,
दर सोमवारी येवन दुकानात उभी रवायची,
पैसे नाय म्हणून सांगूक.
पैसे असले की कोण पण येता, म्हटलंय."

मंगळूरवाला आठवडाभर गप्प.
मग गाडी आली. अर्धी.
पंचेचाळीस नव्हे, तीस दिवस.
पुढचं पुढे बघू, हे चलनावर नव्हतं,
ड्रायव्हरनं चहा पिता पिता सांगितलं.
पोत्यांवर कुठल्याशा दूरच्या बंदराचं नाव,
आणि शिवण
अंतोनच्या सुतळीहून कच्ची.
दोन पोती उतरवतानाच फाटली.
सगळ्या बायका वाकून बिया वेचत होत्या,
मीही.

काल पुन्हा एक फोन. कोल्हापूरचा गूळवाला.
शिरोड्याची विशाखा आरोसकर, ओळखता ना?
माझ्याकडून पाकळी नि कणी नेते,
वड्या करते काजूच्या. नवीन आहे.
तुमचं नाव दिलंय तिनं, तो म्हणाला,
पैशाला कशी आहे?

चांगली आहे, म्हणणारच होते.
पोरगी चांगलीच आहे, हसरी.
जीभ टाळूपर्यंत गेली होती.

थांबा, म्हटलं.
वही आणते.